लावण्याच्या पोटात मीठ



या सदरात आपण बहुधा शेतातले आणि घरातले शब्द घेतो. आजचा शब्द जरा नटवा आहे. तो लग्नपत्रिकेवर सापडतो, तमाशाच्या फडात सापडतो, मुलींच्या नावातही सापडतो. शब्द आहे ‘लावण्य’. तुम्ही म्हणाल, पेरणीच्या आणि निंदणाच्या धबडग्यात आम्हाला लावण्याशी काय करायचे? पण जरा थांबा. हा शब्द राजवाड्यात जन्मलेला नाही. तो जन्मला तुमच्या चुलीशेजारच्या मिठाच्या बरणीत. आणि एकदा त्याचे जन्मगाव कळले, की घरात मुलगी पाहण्याच्या वेळी आपण जे बोलतो, त्याचाही थोडा विचार करावासा वाटेल.

आपल्याकडे रूपासाठी शब्दांची कमतरता नाही. नागपूर-वर्‍हाडाकडे ‘पोरगी साजरी हाय’ म्हटले की सारे आले. कोणी देखणी म्हणेल, कोणी नाकीडोळी नीटस म्हणेल, कोणी ठसठशीत म्हणेल. हे सगळे शब्द चांगलेच आहेत. पण लावण्य म्हणजे नुसते नाकडोळे नव्हेत. ज्या रूपाकडे एकदा पाहिले की पुन्हा पाहावेसे वाटते, आणि का वाटते ते मात्र सांगता येत नाही, त्या रूपाला लावण्य म्हणतात. सुंदर वस्तू डोळ्यांना बरी वाटते. लावण्य मनाला ओढ लावते.

आता शब्दाची फोड करू. शाळेत शिकलेली थोडी उदाहरणे आठवा. मधुर असण्याचा गुण म्हणजे माधुर्य. शूराचा गुण शौर्य, चतुराचा चातुर्य, उदाराचा औदार्य, सुंदराचा सौंदर्य. शब्दाचा पहिला स्वर लांबला आणि शेवटी ‘य’ आला, की तो गुण झाला. ही संस्कृतची जुनी रीत आहे. त्याच रीतीने उलट चाला. लावण्य हा कोणाचा गुण? उत्तर आहे, लवणाचा. आणि लवण म्हणजे मीठ. लावण्याचा अक्षरशः अर्थ झाला ‘खारटपणा’, ‘मिठाची चव’.

ऐकून हसू येईल. नवरदेवाकडच्या मंडळींनी ‘मुलगी खारट आहे हो’ म्हटले, तर मुलीची आई काय म्हणेल! पण ज्यांनी हा शब्द घडवला, त्यांनी स्वयंपाकघर नीट पाहिले होते, एवढे खरे.

माउल्यांनो, तुम्हीच विचार करा. वरण शिजले आहे, डाळ उत्तम आहे, हळद आहे, फोडणीही खमंग बसली आहे. पण मीठ घालायचे राहिले. पहिल्या घासालाच कळते, की सगळे असून काही नाही. आणि मीठ बरोबर पडले, तर जेवणारा ‘मीठ छान झाले’ असे म्हणतो का? नाही. तो म्हणतो, ‘वरण छान झाले.’ मिठाचा स्वभावच असा आहे. ते स्वतः दिसत नाही, दुसर्‍याची चव वर आणते. शिर्‍यात किंवा पुरणात जाणती बाई चिमूटभर मीठ टाकते, ते गोडी खुलावी म्हणून. यामागे शास्त्रही आहे. थोडे मीठ जिभेला जाणवणारा कडवटपणा दाबते, आणि कडवटपणा दबला की गोडवा आपोआप पुढे येतो.

रूपाचेही तसेच आहे. डोळे, नाक, केस, बांधा ही झाली डाळ, हळद आणि फोडणी. या सगळ्याला चव आणणारे जे काही आहे, जे वेगळे काढून दाखवता येत नाही, ते लावण्य.

हा विचार जुन्या पंडितांनीही केलेला आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धन नावाचे मोठे साहित्यशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांचा ‘ध्वन्यालोक’ हा ग्रंथ प्रसिद्ध आहे. चांगल्या कवितेत शब्दांच्या सरळ अर्थापलीकडे आणखी एक अर्थ झळकत असतो, असे त्यांचे म्हणणे. तो कसा, हे पटवून देताना त्यांनी दाखला घेतला तो लावण्याचाच. स्त्रीचे अवयव तर सर्वांना दिसतात, पण लावण्य त्या अवयवांहून निराळे, त्यांच्यावर तरंगणारे असते. तसाच तो अर्थ, असे ते सांगतात. पुढच्या काळातल्या शास्त्रकारांनी मोत्याचा दाखला दिला. मोत्याच्या आत जशी पाण्यासारखी झळाळी हलताना दिसते, तशी अंगावर जी दिसते ती लावण्य, असे त्यांनी म्हटले. आपण मराठीत ‘मोत्याचे पाणी’ म्हणतो, ‘पाणीदार डोळे’ म्हणतो, ते याच अर्थाने. शेतकर्‍याला हे वेगळे सांगायला नको. पावसाची चांगली सर येऊन गेल्यावर ज्वारीच्या पानावर जी तकाकी येते, ती पानाच्या लांबीरुंदीत मोजता येत नाही. पण बांधावरून जाणारा माणूस थबकतो आणि म्हणतो, ‘पीक काय दिसते हो!’

आता आपल्या मुलखाकडे येऊ. नागपूरहून रामटेकला तुम्ही कधी ना कधी गेला असाल. गडावर रामाचे दर्शन घेऊन खाली पाहिले, तर चहूकडे शेते आणि तळी दिसतात. जवळच नगरधन आहे. तेच जुने नंदिवर्धन, वाकाटक राजांची राजधानी. कालिदासाने ‘मेघदूत’ या काव्यात ज्या रामगिरीचे नाव घेतले आहे, तो हाच रामटेकचा डोंगर, असे नागपूरचे थोर संशोधक महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी साधार मांडले. आज रामटेकला कालिदासाचे स्मारक आहे, आणि १९९७ साली त्याच्याच नावाने संस्कृत विश्वविद्यालयही तेथे स्थापन झाले.

या कालिदासाने ‘कुमारसंभव’ या काव्यात पार्वतीच्या रूपाचे वर्णन करताना एक गंमत केली आहे. तिचे पाय घडवतानाच ब्रह्मदेवाजवळचे लावण्य सरले, आणि उरलेल्या अवयवांसाठी त्याला नव्याने लावण्य तयार करण्याची खटपट करावी लागली, अशी त्याची कल्पना. म्हणजे पंगत बसायला आली आणि आचार्‍याच्या लक्षात आले, की डब्यातले मीठ संपले! लावण्य ही घालण्याची, मिसळण्याची वस्तू आहे, ही जाणीव त्या वर्णनात स्पष्ट दिसते.

आणि रूपाच्या बाबतीत आपला विदर्भ काही मागे नव्हता बरे. नळराजाची दमयंती विदर्भाची. ‘रघुवंशा’तली अजराजाची इंदुमती विदर्भाची. कृष्णाची रुक्मिणी विदर्भाची. अमरावती जिल्ह्यातले वर्धेकाठचे कौंडिण्यपूर हे तिचे माहेर मानतात. एवढेच नव्हे, तर संस्कृतात लिहिण्याच्या ज्या रीती सांगितल्या आहेत, त्यांतली सर्वांत गोड आणि सोपी म्हणून नावाजलेली रीत ‘वैदर्भी’ या नावाने ओळखली जाते. आपल्या मुलखाच्या नावाने गोड बोलण्याची रीत ओळखली जावी, ही काही लहान गोष्ट नाही.

राजांच्या आणि कवींच्या गोष्टी झाल्या. आता या ‘लवणा’चे बाकीचे गोत पाहू, कारण ते सारे आपल्या घरादारातच आहे.

लवण या शब्दाचे लोकांच्या तोंडी ‘लोण’ झाले. मीठ घालून मुरवलेले ते लोणचे. मीठ नसलेले ते ‘अ-लवण’, त्याचे झाले अळणी. आजारी माणसाला डॉक्टर अळणी जेवण सांगतात, तेव्हा हा हजारो वर्षांचा शब्द आपण सहज वापरत असतो. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार हेही याच लवणाचे. उल्का आदळून तेथे सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा झाला आणि त्यात खार्‍या पाण्याचे सरोवर साचले. जुन्या लोकांनी त्याला लवणासुराची कथा जोडली. २०२० साली जून महिन्यात या सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा सार्‍या देशाचे लक्ष तिकडे गेले. खार्‍या पाण्यातच वाढणार्‍या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला होता, असे तपासणीत दिसले. त्याच वर्षी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, म्हणजे रामसर यादीत, लोणारचे नाव लागले.

‘लमाण’ हा शब्दही लवणावरूनच आला असे मानतात. आपल्या विदर्भापासून समुद्र शेकडो मैल दूर. पूर्वी मीठ येणार कसे? बैलांच्या पाठीवर गोण्या लादून बंजार्‍यांचे तांडे मीठ आणत आणि जाताना धान्य नेत. १८६७ साली नागपूरपर्यंत आगगाडी आली आणि हळूहळू तांड्यांचा तो धंदा बसला. पुढे हेच लोक शेतीत उतरले. यवतमाळ जिल्ह्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक याच समाजातले. ते १९६३ ते १९७५ पर्यंत राज्याचे मुख्यमंत्री होते, आणि त्यांचा जन्मदिवस १ जुलै हा आपण कृषिदिन म्हणून पाळतो.

मात्र सारखे दिसणारे सगळेच शब्द भाऊबंद नसतात, हेही लक्षात ठेवा. ताकातून निघणारे लोणी हे मिठाचे नव्हे. ते ‘नवनीत’ या शब्दाचे लेकरू. शेतातला सखल भाग, जेथे पाणी साचते, त्याला आपण ‘लवण’ म्हणतो. तेही मीठ नव्हे. ते लवणे म्हणजे वाकणे, त्यावरून आलेले. नाव एक, घराणे वेगळे. गावात एका नावाचे दोन पाटील असावेत तसे.

आणि लावणी? हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. कोकणात भाताची लावणी होते, नाशकाकडे कांद्याची लावणी होते. आपल्या भंडारा-गोंदियाकडे धानाच्या लावणीला रोवणी म्हणतात. ही लावणी ‘लावणे’ या क्रियापदाची. पण फडातली, ढोलकीवरची लावणी कोणाची? काही जाणकार म्हणतात, लावण्याचे वर्णन करते म्हणून लावणी. दुसरे म्हणतात, शब्दाला शब्द लावून, चालीवर बसवून रचतात म्हणून लावणी, जसे रोपाशेजारी रोप लावावे तसे. जाणकारांचे अजून एकमत झालेले नाही. पण दोन्ही म्हणण्यांत शेतकर्‍याला आनंद आहे. एकात चव आहे, दुसर्‍यात लागवड आहे. यमुनाबाई वाईकर आणि सुलोचना चव्हाण यांची लावणी ज्यांनी ऐकली, त्यांना तिच्यातली चव निराळी सांगायला नको. यमुनाबाईंना २०१२ साली आणि सुलोचनाबाईंना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

आता जरा आपल्या शिवाराबाहेर पाहू. मिठाला रूपाशी जोडणारे आपण एकटेच आहोत का? नाही. नागपूरकरांना हिंदी परकी नाही. हिंदीत ‘सलोना’, ‘सलोनी’ म्हणतात. तो ‘स-लवण’, म्हणजे मिठासहित. अळणीच्या अगदी उलट. अरबी भाषेत मिठाला ‘मिल्ह’ म्हणतात, आणि त्याच धातूवरून झालेल्या ‘मलीह’ शब्दाचा अर्थ देखणा. उर्दूत त्यावरूनच ‘मलाहत’ शब्द आला. दोन हजार वर्षांपूर्वी रोम शहरात कॅटलस नावाचा कवी होता. एका बाईला लोक सुंदर म्हणत. ती गोरी होती, उंच होती, ताठ होती. कवीने हे सारे एकेक करून कबूल केले. पण तिला सुंदर म्हणायला मात्र तो राजी झाला नाही. एवढ्या मोठ्या देहात मिठाचा कणही नाही, अशी त्याची तक्रार. काश्मीरच्या पंडिताने आणि रोमच्या कवीने एकमेकांना कधी पाहिले नाही. पण दोघांच्या घरी स्वयंपाक होत होता, आणि दोघांनी अळणी जेवण कधीतरी चाखले होते!

येथे एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली का? हिंदीत ‘सलोना’ शब्द कोणत्या शब्दाला चिकटून येतो? ‘सांवला’ या शब्दाला. सांवला-सलोना. उर्दूतही गोर्‍यापान रूपाला वेगळा शब्द आहे, ‘सबाहत’. आणि ‘मलाहत’ म्हणतात ते सावळ्या रंगातल्या मोहक रूपाला. म्हणजे मिठाचे हे रूप गोरेपणावर मुळीच अवलंबून नाही. उलट, लोकांनी ते सावळ्या रंगाशी अधिक जोडले.

आपल्याकडे तर याचे पुरावे पावलोपावली आहेत. महाभारतातली द्रौपदी सावळी, म्हणून तर तिचे नाव कृष्णा. तिच्या रूपाची ख्याती ऐकून देशोदेशीचे राजे स्वयंवराला धावले. रुक्मिणीने ज्याच्यासाठी माहेर सोडले तो कृष्ण काळा. पंढरीचा विठोबा काळा. त्याचे रूप पाहावे म्हणून लाखो वारकरी दर आषाढीला पायी चालतात. आणि ज्या काळ्या मातीत आपण कापूस आणि ज्वारी पिकवतो, तिला आपण काय म्हणतो? काळी आई. ती गोरी असती तर बरे झाले असते, असे म्हणणारा शेतकरी आजवर कोणी पाहिला नसेल.

मग घरातली लेक सावळी निघाली, की आपलीच जीभ का अडखळते?

असा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी घडलेला असतो. मुलगी बारावी झालेली असते, कोणी पदवीधर असते. शेतात बापाच्या बरोबरीने राबते, आईचा दवाखाना पाहते, बचत गटाचा हिशेब लिहिते. पाहुणे येतात, पोहे खातात, चहा घेतात. निघताना मावशी हळूच म्हणते, ‘पोरगी सार्‍या कामात हुशार आहे हो, पण रंगानं...’ आणि पुढचे शब्द गिळते. गिळलेले शब्द दाराआड उभ्या असलेल्या मुलीला मात्र ऐकू जातात. चार वेळा असे झाले, की ती आरशात पाहणे सोडते, किंवा आरशासमोरून हलत नाही. दोन्ही वाईटच.

मग सुरू होतात उपाय. गोरे करण्याच्या क्रीमचा धंदा आपल्या देशात जुना आहे. ‘फेअर अँड लव्हली’ ही क्रीम १९७५ साली बाजारात आली. पंचेचाळीस वर्षांनी, २०२० साली, कंपनीने तिच्या नावातले ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातले. गोरेपणालाच सौंदर्य म्हणण्यावर जगभर टीका झाली, म्हणून ही वेळ आली. नाव बदलले, मनातला हिशेब बदलायचा राहिला आहे.

यात खरा धोका आहे तो आठवडी बाजारात मिळणार्‍या किंवा मोबाइलवरून मागवलेल्या बिननावाच्या डब्यांचा. आठ दिवसांत गोरे करतो म्हणणार्‍या काही क्रीममध्ये पारा सापडलेला आहे. पारा कातडीतून शरीरात जातो आणि मूत्रपिंड बिघडवतो. असे रुग्ण केरळात आणि आपल्या महाराष्ट्रातही २०२३ साली डॉक्टरांनी नोंदवले. दुसरी तर्‍हा स्टेरॉइडच्या मलमांची. इसबावर डॉक्टर काही दिवसांपुरते देतात ते मलम शेजारणीच्या सांगण्यावरून तोंडाला महिनोन्‌महिने चोळले जाते. सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा दिसतो. मग कातडी पातळ होते, लाल होते, पुरळ उठते, केस येतात, आणि मलम थांबवले की चेहरा पेटतो. म्हणून सांगतो, ज्या डबीवर कारखान्याचे नाव, परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख नाही, ती घरात आणू नका. आणि कोणी आधीपासून लावत असेल, तर लाजू नका, रागावू नका. त्वचेच्या डॉक्टरांना ती डबीच नेऊन दाखवा. मलम बंद कसे करायचे तेही त्यांनाच विचारा.

कातडीचा रंग ठरतो तो मेलॅनिन नावाच्या द्रव्यामुळे. ते उन्हापासून कातडीचे रक्षण करते. नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीस अंशांवर चढलेला असताना, ज्याच्या अंगात हे रक्षण जास्त, तो त्यापुरता सुखी. निसर्गाने दिलेली छत्री खरवडून काढण्यात शहाणपण कोणते?

मिठाने आणखी एक गोष्ट शिकवली आहे, तीही सांगतो. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोर्‍यात खारपाण पट्टा आहे. तेथले शेतकरी जाणतात, मीठ जास्त झाले की काय होते. विहिरीला पाणी असून पिण्याच्या उपयोगाचे नाही, पिकाला देण्याच्या उपयोगाचे नाही. याच पट्ट्यात दहीहंडा गावी १९३० साली विहिरीच्या खार्‍या पाण्यापासून मीठ तयार करून लोकांनी इंग्रजांचा मिठाचा कायदा मोडला, ही अभिमानाची गोष्ट. पण शेतीला मात्र ते पाणी जाचच. रूपाचेही असेच. नटण्याला ना नाही. सणावाराला पोरीने नवे पातळ नेसावे, गजरा माळावा, हौस करावी. पण नटणेच जेवण झाले आणि बाकी सगळे राहिले, की मग खारटपणा येतो. म्हणून तर आपण मीठ चिमटीने घालतो, वाटीने नव्हे.

आपल्या जुन्या बायकांची एक रीत तुम्हाला ठाऊक आहे. लेकरू गोजिरे दिसले, नवरी शालू नेसून बाहेर आली, की आजी मुठीत मीठ-मोहर्‍या घेऊन उतरून टाकते. पूर्वी मिठाबरोबर कडुनिंबाचा पाला असे, म्हणून त्याला निंबलोण म्हणत. निंब आणि लोण, म्हणजे पुन्हा तेच लवण! दृष्ट लागते की नाही, तो वाद बाजूला ठेवा. पण आजी ते मीठ उतरताना लेकराचा रंग पाहत नाही. काळे असो, गोरे असो, तिच्या डोळ्यांना ते साजरेच दिसते, म्हणून तर तिला दृष्टीची धास्ती वाटते. लावण्य कोठे असते याचे याहून सरळ उत्तर कोणत्याही ग्रंथात नसेल. ते पाहणार्‍याच्या मायेतही थोडे असते.

तेव्हा वाचकहो, एवढे करा. या लगीनसराईत सून शोधायला निघालात, तर घरातल्या मोठ्या माणसांनी आधी एक ठराव करावा, की रंगाबद्दल कोणी अक्षर काढणार नाही. मुलीला कोणत्या गोष्टीचा आनंद होतो ते विचारा. ती हसते कशी, म्हातार्‍या माणसाशी बोलते कशी, न पटलेली गोष्ट नम्रपणे पण स्पष्ट सांगते का, ते पाहा. आणि तेच आपल्या मुलालाही लावून पाहा, कारण अळणी नवरदेवही पुष्कळ असतात! ज्यांच्या घरी सावळी लेक आहे, त्यांनी तिला आज जवळ बसवून या शब्दाची गोष्ट सांगा. सांगा, की ज्यांनी रूपाला हे नाव दिले, त्यांनी दुधाकडे पाहून दिले नाही, चुन्याकडे पाहून दिले नाही, मिठाच्या चवीकडे पाहून दिले.

तुमच्या गावाकडे रूपासाठी आणखी कोणते शब्द आहेत? झाडीपट्टीत काय म्हणतात, वर्‍हाडात काय म्हणतात, तुमची आजी काय म्हणायची? एका कार्डावर लिहून जरूर कळवा. आलेले शब्द पुढे याच सदरात घेऊ. तोवर राम राम.